बांधावरचं ज्ञान, कंपनीचं दुकान

यंदा आंबे बहारासाठी बागा ताणावर सोडल्या, त्या दिवसांतली गोष्ट. शहागडला हायवेच्या कडेला चहा घेत आम्ही चार-पाच जण बसलो होतो. त्यात गोदाकाठचे एक जुने मोसंबी बागायतदार होते. गाव त्यांना नाना म्हणतं, मीही तेच म्हणतो. शेजारी त्यांचा पुतण्या. त्याने मोबाइल तोंडाजवळ धरून विचारलं, "मोसंबीला ताण किती दिवस द्यायचा?" मोबाइल चांगल्या मराठीत बोलू लागला. पंचेचाळीस दिवस पाणी तोडा, पानं पिवळी पडून गळू लागली की ताण पुरा झाला समजा, आणि सकाळच्या वेळीसुद्धा पान मान टाकून असेल तर पाणी द्या.

शेवटचं वाक्य ऐकून नानांनी कप खाली ठेवला. "हे तं माझं बोलणं हाय," ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी पुतण्यानेच नानांचा बागेत उभं राहून बोलतानाचा व्हिडिओ काढून टाकला होता. दुपारी पान सुकतंच, त्याला भिऊ नका. सकाळी बघा, सकाळीही पान उठलं नाही तर ताण बसला. हे नानांचं सांगणं त्यात आहे. पण त्याआधी नाना आणखी एक गोष्ट सांगतात, ती मोबाइलने सांगितली नाही. नदीकाठचं गाळाचं खोल रान आणि वरच्या अंगाचं मुरमाड रान यांचा हिशेब एक नाही. खोल रानात खाली ओल असते, झाड लवकर ताण घेत नाही. मुरमाड रानात पंचेचाळीस दिवस वाट पाहिली तर झाडच बसतं.

आता ते वाक्य नानांच्याच व्हिडिओतून गेलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. असं पारखणारे दुसरेही बागायतदार असतील. पण कुठून गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तिथंच सगळी गोम आहे. नाना त्या दिवशी उठताना मला म्हणाले, "साहेब, आता म्या कुणाला काय सांगणार नाही. इचारू बी नका."

वाचकहो, हे बोलणं मला लागलं. मी पदविकेला जे शिकलो ते पुस्तकातलं. त्यातलं या शिवारात काय चालतं नि काय चालत नाही, हे मला नानांसारख्या वीस-पंचवीस माणसांनी फुकट शिकवलं आहे. २०२५ मध्ये आमचं पदनाम कृषी सहायकाचं सहायक कृषी अधिकारी झालं, पण काम तेच राहिलं: इकडच्या बांधावरचं तिकडच्या बांधावर नेणं. नानांसारखे लोक बोलायचे थांबले, तर माझ्यासारख्याने नेणार काय?

यंत्राला एवढं मराठी आणि एवढी शेती येते कशी, ते आधी पाहू. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला आपण एआय म्हणतो, ते यंत्र जगभर लिहिलेला मजकूर वाचून तयार होतं. पुस्तकं, वर्तमानपत्रं, विद्यापीठांच्या घडीपत्रिका, विकिपीडिया, फेसबुकवरच्या जाहीर चर्चा, व्हिडिओतलं बोलणं, असं सगळं त्याच्या पोटात जातं. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो, कोणत्या प्रश्नाला कसं उत्तर येतं, याचा ते अंदाज बांधत जातं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल २०२४ मध्ये छापलं की, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने यूट्यूबवरचं दहा लाख तासांहून जास्त बोलणं लिहून काढून यंत्राला शिकवायला वापरलं. फेसबुकची मालक असलेली मेटा कंपनी तर उघड सांगते की, जाहीर टाकलेला मजकूर आम्ही यंत्राच्या शिक्षणाला वापरतो. तेव्हा फवारणीचा, छाटणीचा, आळवणीचा जो व्हिडिओ आपण हौसेने टाकतो, तो कुठवर जाऊ शकतो याचा अंदाज करा.

व्हॉट्सअॅपच्या गटातलं आपसातलं बोलणं वेगळं, ते बंद पाकिटात जातं. पण त्याच व्हॉट्सअॅपमध्ये जे निळं गोल चिन्ह आलं आहे, त्याला जे विचाराल ते कंपनीकडे जातं. हा फरक पुष्कळांना माहीत नाही.

आणखी एक. २०२५ च्या जुलैपासून वर्षअखेरपर्यंत फुकटाची लाटच आली. एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी, जिओवर गूगलचा जेमिनी दीड वर्ष, चॅटजीपीटीची एक सशुल्क योजना भारतात वर्षभर मोफत. बियाण्याची पुडी फुकट वाटणारा माणूस कशासाठी वाटतो, हे जालन्याच्या माणसाला सांगायला नको. त्याला पुढचं गिऱ्हाईक हवं असतं, आणि आपल्या रानात वाण कसा येतो ते बघायचं असतं. आपण रोज जे प्रश्न विचारतो, चूक दाखवतो, किडीचा फोटो पाठवतो, तोही यंत्राचा खुराक होऊ शकतो. आपलं बोलणं शिक्षणाला वापरू नका असं सांगायची सोय बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये असते. ती आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

२०१२-१३ चा दुष्काळ आपण विसरलेलो नाही. समजा, गावाने श्रमदानाने विहीर खोदली. कुणीही यावं, घागर भरून न्यावी, असा रिवाज. मग एक जण येतो, मोटार टाकतो, रातोरात टँकर भरतो आणि तेच पाणी पुढच्या गावाला विकतो. उद्या आपल्यालाही विकतो. विचारलं तर म्हणतो, विहीर सगळ्यांसाठी खुलीच होती ना! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. कुणी म्हणेल, ज्ञान पाण्यासारखं आटत नाही. नानांनी सांगितलं म्हणून नानांचं कमी झालं नाही. खरं आहे. पण नानांची बोलायची इच्छा आटली, त्याचं काय?

फुकट दिलेल्या ज्ञानाचं आपल्या राज्यात काय होतं, याचा एक दाखला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम शाळा शिकलेले अल्पभूधारक. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवड करत नेली. बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार झाला. त्या काळी एचएमटीचं घड्याळ नावाजलेलं, म्हणून वाणाला नाव पडलं एचएमटी. दादाजींनी बियाणं मागेल त्याला दिलं. वाण विदर्भात आणि शेजारच्या राज्यांत पसरला, व्यापाऱ्यांनी पैसा केला. १९९४ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी नावाने वाण प्रसारित केला. आम्ही तो शुद्ध केला, सुधारला, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. असेलही. पण वाणाच्या नावात विद्यापीठ आलं, दादाजी आले नाहीत. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने दखल घेतली. ३ जून २०१८ ला ते गेले. वाणाचा धंदा कोट्यवधींचा झाला, दादाजींच्या घरची ओढाताण शेवटपर्यंत तशीच राहिली.

दादाजींच्या बाबतीत एक बरं होतं. बियाणं हाताला लागणारी वस्तू. ते कुठून आलं हे दहा साक्षीदार सांगू शकत होते. शिवाय २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आता शेतकऱ्यालाही आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. नानांचं वाक्य कुठं नोंदवायचं?

दुसरी गोष्ट हळदीची. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याबद्दल पेटंट मिळालं. आपल्या आज्या जे करत आल्या त्यावर परक्याची मालकी! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळदीघाटीची लढाई म्हणून ती गाजली. जिंकलो कशावर? कागदावर. बत्तीस लेखी संदर्भ पुढे ठेवले होते. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. आजीला हे ठाऊक होतं, एवढं म्हणून भागलं नसतं. लिहिलेलं दाखवावं लागलं.

तेव्हापासून आपण सगळ्यांना सांगत आलो, लिहून ठेवा, नाहीतर दुसरा पळवील. आता उलटंच होऊन बसलं. यंत्राला लिहिलेलंच लागतं. जे लिहिलं, बोलून टाकलं, ते त्याच्या पोटात गेलं. जे नानांच्या डोक्यात राहिलं, तेवढंच वाचलं. मग काय, नानांसारखं गप्प बसायचं? मला ते पटत नाही. गप्प बसून नानांचं ज्ञान नानांबरोबर जाईल, आणि पुतण्या पंचेचाळीस दिवसांवर बाग वाळवील.

या भांडणात पैसे कुणाला मिळाले ते बघा म्हणजे वाट दिसेल. अमेरिकेतली रेडिट नावाची कंपनी आहे. तिथं लाखो लोक फुकट प्रश्न-उत्तरं लिहितात. २०२४ च्या फेब्रुवारीत बातमी आली की, तो मजकूर यंत्राच्या शिक्षणाला वापरू देण्यासाठी गूगल रेडिटला वर्षाला सहा कोटी डॉलर देणार. लिहिणाऱ्यांच्या हाती त्यातलं काही आलं नाही. अँथ्रोपिक या एआय कंपनीने चोरीच्या प्रतींवरून उतरवलेल्या पुस्तकांच्या दाव्यात सप्टेंबर २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं, कारण लेखकांच्या पुस्तकावर नाव होतं आणि ते एकत्र कोर्टात गेले. विकिपीडिया तर कुणाच्याच मालकीचा नाही. मराठी विकिपीडियाही २००३ पासून हौशी माणसांनीच विनामोबदला उभा केला. एप्रिल २०२५ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने सांगितलं की, जानेवारी २०२४ पासून चित्रं-व्हिडिओ उतरवून नेण्याचा बोजा निम्म्याने वाढला, आणि सगळ्यात खर्चिक वाहतुकीतली पासष्ट टक्के माणसांची नाही, यंत्रांची आहे. म्हणजे वाचक वाढले नाहीत, उपसा वाढला. पण ती संस्था संघटित आहे, हिशेब ठेवते. जानेवारी २०२६ मध्ये तिने जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट, मेटा, अॅमेझॉन अशा कंपन्या आता पैसे मोजून माहिती घेतात.

या सगळ्यांकडे नोंद होती, किंवा पाठीशी संस्था होती. आपल्याकडे दोन्ही नाही, आणि माझ्या मते आपलं खरं दुखणं कंपनीच्या लबाडीइतकंच हेही आहे.

कायदा काय म्हणतो? लेखनहक्काचा कायदा वाक्यरचनेला संरक्षण देतो, पद्धतीला नाही. नानांचा व्हिडिओ कुणी जसाच्या तसा उचलून स्वतःच्या नावे टाकला तर तक्रार करता येईल. त्यातली ताण ओळखायची रीत दुसऱ्या शब्दांत सांगितली, तर नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. केंद्राच्या उद्योग विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये असं सुचवलं की, कंपन्यांना सरसकट परवाना द्यावा आणि त्यांनी उत्पन्नातून मोबदला भरावा. सूचना चांगली आहे. पण ती अमलात आली तरी मोबदला लेखनहक्क असणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः वर्तमानपत्रं, प्रकाशक, चित्रपटवाले यांना पोचेल. बांधावर बोलणारा त्या रांगेत कुठं उभा राहणार, ते आत्ताच विचारायला हवं.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती मागताना ती सूचना आपल्याला मराठीत वाचायला मिळाली पाहिजे, अशी तरतूद त्यात आहे. मात्र ही मुख्य कलमं टप्प्याने, नियम आल्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. आणि जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केली, तिला हा कायदा लागूच नाही. व्हिडिओत नाव, गाव, गट नंबर, मोबाइल नंबर सांगणाऱ्या भावांनी हे ध्यानात ठेवावं.

राहिला २००२ चा जैवविविधता कायदा. ग्रामपंचायतीत बसणाऱ्या मंडळींनी इथं जरा थांबून वाचावं. या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. झाडं, पिकं, जनावरं यांच्याबरोबर त्यांच्याविषयीचं स्थानिक ज्ञान त्यात नोंदवायचं असतं, आणि सांगणाऱ्याने गुप्त ठेवा म्हटलं तर तसं ठेवायचं असतं. आपल्याकडे काय झालं? राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, त्यानंतर राज्यांना महिना दहा लाख भरावे लागतील असं बजावलं. मग जी पळापळ झाली ती आठवा. शेजारच्या गावची नोंदवही समोर ठेवून वड, पिंपळ, लिंब, चिमणी, कावळा असं उतरवलेली नोंदवही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. गाव सांगत नाही. माणसाचं नाव शोधलं तर एक सापडलं, ते समितीच्या अध्यक्षाचं.

यंत्राला शिकवण्यासाठी कुणी गावाचं ज्ञान उचललं तर काय करायचं, याचं उत्तर या कायद्यात स्पष्ट नाही. हे मी झाकून ठेवत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत आलेल्या पारंपरिक ज्ञानाला लाभाच्या वाटपातून सूटही दिली. पण नानांचं ज्ञान कुठल्या ग्रंथात नाही. बियाणं-वनस्पतींची जनुकीय माहिती संगणकावरून वापरली तरी लाभ वाटून द्यावा, हे तत्त्व मात्र एप्रिल २०२५ च्या केंद्राच्या नियमावलीत आलं. त्याच वर्षी जगानेही त्यासाठी कॅली फंड नावाचा निधी सुरू केला. म्हणजे वस्तू न नेता नुसती माहिती नेली तरी देणं लागतं, हे आता तत्त्व म्हणून मान्य आहे. उद्या ते ज्ञानाला लावायचं ठरलं, तर पहिला प्रश्न येईल, कागद कुठंय?

कंपन्यांची माणसं गावात यायला लागली आहेत, हेही लक्षात घ्या. भाषेचे नमुने गोळा करणं हा आता धंदा आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि गूगल यांचा वाणी प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यातलं बोलणं जमवतो. पहिल्या टप्प्यात आपला शेजारी औरंगाबाद, म्हणजे आताचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा होता. कार्य नावाची संस्था खेड्यातल्या लोकांना मजकूर वाचायला लावते आणि २०२३ च्या बातम्यांप्रमाणे तासाला पाच डॉलरच्या आसपास देते. तोच आवाज पुन्हा विकला गेला तर पुन्हा पैसे. म्हणजे आपल्या बोलण्याला भाव आहे, आणि तो देता येतो. तेव्हा कुणी पिकाचे फोटो, कुणी आवाज मागायला आलं, तर चहा जरूर पाजा. पण कुणासाठी, कशाला, पुढे कुणाला विकणार आणि आम्हाला काय, हे मराठीत लिहून मागा. बाजार समितीत पट्टी घेतल्याशिवाय आपण माल सोडत नाही.

माझ्या खात्याबद्दलही बोललं पाहिजे. २०२५ च्या खरिपाआधी शासनाचं महाविस्तार अॅप आलं, आम्हीच ते गावोगाव लोकांच्या मोबाइलवर चढवलं. जून २०२५ मध्ये राज्याने शेतीतल्या एआयसाठी धोरण आणि पाचशे कोटींची तरतूद मंजूर केली. मी या यंत्राच्या विरोधात नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर पंचनाम्याच्या कागदांच्या ढिगात मला त्याची मदतच झाली. पण उत्तराखाली जसं विद्यापीठाचं नाव येऊ शकतं, तसं "गोदाकाठच्या गाळाच्या जमिनीतला अनुभव, अमुक गाव, अमुक शेतकरी" असंही यायला हरकत काय? निदान शासनाच्या अॅपमध्ये तरी. नाव आलं की जमीन कुठली तेही येतं, आणि पंचेचाळीस दिवसांचा सल्ला मुरमाड रानावर जाऊन पडत नाही. मानापानाइतकाच हा बाग जगण्याचा प्रश्न आहे. चुकीच्या सल्ल्याने वाळलेल्या झाडाची भरपाई कुठलीही कंपनी देत नाही.

मागच्या आठवड्यात मी नानांकडे पुन्हा गेलो. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत तुमची ताणाची रीत लिहायची आहे म्हणालो. वर नाव तुमचं, तारीख, गाव, जमिनीचा प्रकार, खाली तुमची सही. आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नोंद बाहेर द्यायची नाही, असाही ठराव मांडू.

"अन् त्यानं ते यंत्र थांबंल?" नानांनी विचारलं.

नाही थांबणार, मी म्हणालो.

नाना बराच वेळ बागेकडे बघत राहिले. मग पुतण्याला म्हणाले, "घरातून चष्मा आण." ग्रामपंचायतीत गेलो तर नोंदवही कपाटात, आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकांकडे. आता त्यांचंही पदनाम बदललं आहे, पण ते तालुक्याला मीटिंगला गेले होते. शेवटी नानांनी माझ्या डायरीत दोन पानं सांगितली, मी लिहिली, त्यांनी सही केली. येत्या ग्रामसभेत ती नोंदवहीत चढवायची आहेत. शहागड आणि आसपासच्या गावांत ज्यांना आपल्या रानाची एखादी रीत अशी नोंदवायची असेल, त्यांनी ग्रामसभेच्या आधी मला किंवा आपल्या ग्रामपंचायतीला भेटावं. येताना जमीन हलकी की भारी, पाणी विहिरीचं, कालव्याचं की नदीचं, आणि ही रीत कुणाकडून शिकलात, तेवढं आठवून यावं.